रुमालाखालचा आकडा

१

पडद्यावर आणखी एका मेंढ्याचा निकाल उघडला आणि मागच्या रांगेतून कुणीतरी खच्चून ओरडलं, "आरं, परत एक बोट!"

हॉलमध्ये एकच गलका उठला. खुर्च्या सरकल्या, दोघंतिघं उभी राहिली. मी लॅपटॉपपाशी होतो.

म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळामागच्या गल्लीत आमच्या मेंढपाळ संघाचं ऑफिस आहे. माण तालुक्यातली मेंढरं आजवर विकली गेली ती रुमालाखाली. दलाल आणि व्यापारी एकमेकांच्या हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून भाव करतात. बघणाऱ्याला फक्त हलणारा रुमाल दिसतो. तोच रुमाल आम्ही फोनमध्ये आणला. व्यापाऱ्याने घरबसल्या बोली टाकायची, ती बंद राहणार, वेळ संपेपर्यंत ज्याची त्याला वाढवता येणार, वेळ संपली की सगळ्या बोली एकदम उघडणार आणि ज्याची सर्वांत वर त्याचा मेंढा. ठरलेल्या मूळ भावावर बोली वाढवायच्या सगळ्यात लहान पायरीचं नाव आम्ही 'बोट' ठेवलं, कारण बाजारात भाव बोटांवरच चढतो.

शनिवारी रंगीत तालीम होती. तालीम म्हटलं तरी मेंढे खरे, व्यापारी खरे आणि सौदेही खरे. रविवारी दुपारी बाराला मोठा लिलाव. आणि तालमीत काय झालं, तर एक मेंढा सोडून बाकी सगळे फलटणच्या अफताबभाईंनी उचलले. उचलले म्हणजे कसे? दरवेळी दोन नंबरच्या बोलीपेक्षा बरोब्बर एक बोट वर. एकदा झालं तर माणूस नशीब म्हणतो. दहा वेळा तेच झालं की म्हणतो, कुणीतरी रुमाल उचलून बघितलाय.

संघाचे अध्यक्ष नानासो गोरड उठले. ते माझे चुलते, घरात आणि गावात सगळे त्यांना तात्याच म्हणतात. तात्या उठले की हॉल आपोआप गप्प बसतो.

"बंद बोल्या उघडायची किल्ली कुणाकडं हाय?"

ते सगळ्यांना ठाऊक होतं. पेनड्राइव्हएवढी किल्ली काळ्या दोऱ्यात सोनमच्या गळ्यात असायची. बोलीचा भाग तिनेच लिहिलेला. सोनम म्हणजे तात्यांची एकुलती एक लेक.

"तात्या, मी न्हाई बघितलं."

"मी कुठं म्हणलं बघितलंस? किल्ली दे."

तिने दोरा काढून त्यांच्या हातावर ठेवला. सगळा हॉल बघत होता. मला इतका राग आला की लॅपटॉप आपटावासा वाटला, पण तो संघाचा होता.

"उद्या बारापर्यंत चोर घावला तर लिलाव," तात्या म्हणाले. "न्हाई घावला तर परत आपला जुना रुमाल. आन् ही पोरगी परत हितं बसायची न्हाई. लोकांनी माझ्या शब्दावर मेंढरं आणल्यात."

मी बाहेर आलो आणि थेट सांगलीला फोन लावला.

२

शाझिया आतार सकाळी सकाळी विटा, आटपाडी करत मोटरसायकलवर आली. सांगलीत तिचा एकच धंदा: दूध संघ, बाजार समित्या, पतसंस्था यांच्या सॉफ्टवेअरला दार बसवून देणं. आमच्या सॉफ्टवेअरला असं दार बसवणारा मतीन तिच्याच हाताखाली शिकला. चाळिशीची बाई, पाठीवर पिशवी, पिशवीत खारे शेंगदाणे. विचार करायला लागली की चपला काढून अनवाणी फेऱ्या मारते.

"मल्हार, रात्रभर झोप नाही बघ मला," आल्या आल्या ती म्हणाली. "एक बोट! दरवेळी एकच बोट! असली चोरी मी जन्मात बघितली नाही. चल, सगळं पहिल्यापासून सांग. मला काही कळत नाही असं धरून सांग."

मी सांगितलं. आमचं सॉफ्टवेअर म्हणजे एक मोठा हॉल नाही, लहान लहान खोल्या आहेत. एकीत बाजारभाव, एकीत बोली, एकीत व्यापाऱ्यांची ओळख, एकीत टेम्पो-गाड्यांची सोय. यांना मायक्रोसर्व्हिस म्हणतात. एवढ्याशा खोलीला एवढं लांब नाव का, ते मला विचारू नका. आधी प्रत्येक खोलीचं दार थेट रस्त्यावर उघडायचं. मतीनने ती सगळी दारं बंद केली आणि पुढे एकच दार बसवलं, तो एपीआय गेटवे. फोनवरून येणारा प्रत्येक प्रश्न आधी त्या दाराशी येतो. दार विचारतं, कोण तू? ओळख पटली की ते प्रश्न योग्य त्या खोलीत नेतं आणि उत्तर आणून हातात देतं.

"म्हणजे चोर एकतर खोलीत शिरला, नाहीतर दारात उभा राहिला," ती म्हणाली. "तिसरी जागा नाही. झकास! सोनम कुठंय?"

सोनम मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. डोळे सुजलेले. शाझियाने तिच्यापुढे शेंगदाणे ठेवले आणि जमिनीवरच बैठक मारली.

"मला हे सांग, अफताबभाईंच्या हातून सुटलेला तो एक मेंढा कुणी घेतला?"

"विट्याच्या अल्लाबक्ष चाचांनी."

"आणि अफताबभाई तिथं कितवे होते?"

सोनमने आठवून सांगितलं. "दुसरे. चाचांच्या तीन बोटं खाली. आन्…" ती थांबली. "तिसऱ्याच्या बरोब्बर एक बोट वर."

शाझियाचे डोळे चमकले. "चाचांनी बोली कुठून टाकली?"

"त्यांच्याकडं साधा फोन हाय, ताई. ॲप चालत न्हाई. त्यांनी हितं फोन केला, मी ऐकलं आन् ऑफिसच्या मशीनवरनं थेट बोलीच्या खोलीत टाकलं. दारातनं न्हाई, आतल्या आत."

"तेव्हा खोलीत दुसरं कोण होतं?"

"कोण न्हाई. मी एकटी."

शाझियाने चपला काढल्या. दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या फेरीला खुदकन हसली. मला काही कळेना. माझ्या मते तर हे सोनमच्या विरोधात जात होतं.

"कालच्या दिवसात आणखी काही विचित्र? कितीही बारीक असू दे."

"दोघातिघांचा फोन आला व्हता. म्हणले, आमी टाकलं एक आन् दिसलं दुसरंच. नंतर परत बघितलं तर बरोबर व्हतं."

"जाड बोटं!" मी हसलो. "मेंढरं धरणारी माणसं ती. एक बटन दाबायला जातात, तीन दाबली जातात."

शाझिया हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मल्हार, तू आज खूप उपयोगाला येणार आहेस, पण आत्ता नाही. हा लिलाव बंद पडला तर सगळ्यात जास्त आनंद कुणाला होईल?"

त्याचं उत्तर समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलं होतं.

३

शिवतेज हा आमच्या भागातला सगळ्यात तरुण दलाल. बोटं इतकी चपळ की रुमाल हलतोय हेसुद्धा कळू नये. फोनवरचा लिलाव सुरू झाला तर त्याचा धंदा बसणार, आणि ते तो लपवतही नव्हता.

"या म्याडम, बसा. चोर शोधायला आलाय न्हवं? हितंच हाय की तुमचा चोर!" त्याने छातीवर हात मारला. "समदा गाव माझ्याकडंच बघतोय. पर काल शनिवार. मी दिवसभर आटपाडीच्या बाजारात. पन्नास मानसं सांगतील."

"माझा तुमच्यावर संशय नाही," शाझिया म्हणाली. "मला शिकायचंय. रुमालाखाली नेमकं काय चालतं?"

शिवतेज खुलला. खांद्यावरचा टॉवेल काढून त्याने माझा हात धरला आणि वर टॉवेल टाकला.

"ह्यो मल्हार व्यापारी, मी दलाल. मल्हार, दाब रं तुझा भाव. जोरात न्हाई गड्या, बोट मोडतोस काय! हां. आता म्याडम, मी गप बसलो तर सौदा हितंच थांबला. पर मी गप बसत न्हाई." त्याने माझं एक बोट चेपलं. "ही माझी दाब. म्हंजी दुसरा कोनतरी ह्यापरीस वर हाय, तू बी सर. व्यापाऱ्याला हौस आसंल तर त्यो एक बोट वर सरतो. परत मी दाबतो, परत त्यो सरतो."

"आणि व्यापारी सरला नाही तर?"

"तर हात काढून घेतो. हात रुमालाखाली हाय तवर सौदा जित्ता हाय, म्याडम." मग त्याने माझा पंजा एकदम घट्ट आवळला. "आन् ही शेवटची. सौदा ठरला की मी परत एकदा दाबून दावतो, तुझा भाव ह्यो, पक्का. ह्या दाबीबिगर कुनी मेंढरू सोडत न्हाई."

"ही शेवटची दाब आमच्याकडेही आहे," मी म्हणालो. "तात्यांनी हट्टच धरला होता. पक्की दाब नसेल तर लोकांना भरवसा वाटणार नाही म्हणाले. म्हणून व्यापाऱ्याने बोली टाकली की फोन लगेच आपणहून विचारतो, 'माझी बोली काय?' आणि आकडा मोठ्या अक्षरात दाखवतो."

शाझियाने कप खाली ठेवला. "आपणहून? लगेच? प्रत्येकाच्या फोनवर?"

"हो."

"आणि ही 'माझी बोली' नंतर केव्हाही उघडून बघता येते?"

"येते की. बोट खाली ओढलं की नव्याने विचारते."

ती उठली, अनवाणीच. चपला हॉटेलात राहिल्या, मी त्या हातात घेऊन मागे पळालो. "मतीनला बोलाव," ती रस्त्यातच म्हणाली. "दार बसवून झाल्यावर त्याने त्याला पुन्हा हात लावलाय का, बघायचंय."

मतीनची खुर्ची रिकामी होती. त्याचा लॅपटॉप उघडाच होता, आणि गेटवेच्या मांडणीत शेवटचा बदल शुक्रवारी झाल्याचं स्पष्ट दिसत होतं. तालमीच्या आदल्या दिवशी. बदल करणाऱ्याचं नाव मतीन. फोन लावला तर बंद.

"पळाला!" मी ओरडलो.

शाझियाचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. तो तिचा विद्यार्थी होता.

४

मतीन पळाला नव्हता. तो छतावर होता.

सोनमनेच वर बोट दाखवलं. शिडीने चढलो तर हा पठ्ठ्या पाण्याच्या टाकीला टेकून अँटेना फिरवत होता आणि घामाने निथळत होता. मतीन साताऱ्याचा, शांत मुलगा, आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही.

"रेंज जातीये ताई सारखी. लिलावाच्या वेळी गेली तर…"

"फोन का बंद?"

"चार्जिंग संपलं."

मला हायसं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. शाझिया मात्र सरळ मुद्द्यावर आली. "मतीन, चोर दारातून आत गेला?"

"शक्यच नाही," तो म्हणाला. "मी सकाळपासून तेच तपासतोय. काल ओळख न पटलेला एकही प्रश्न आत गेला नाही. अफताबभाई फक्त स्वतःच्या नावाने आले, फक्त स्वतःची बोली विचारली. दुसऱ्याची विचारलीच नाही. दार चोख आहे, ताई."

"आत कोण गेलं ते मी विचारत नाही आता. दाराने बाहेर काय दिलं, ते विचारते. शुक्रवारी काय बदललंस?"

मतीनने अँटेना सोडली. "शुक्रवारी सगळं फार हळू चाललं होतं. एक पान उघडायला किती वेळ! तात्या म्हणाले, उद्या व्यापारी कंटाळून फोन खिशात टाकतील. म्हणून दाराला जरा पळायला लावलं. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण…"

"कसं पळायला लावलंस?"

तो सांगणार एवढ्यात खालून हॉर्न वाजला. एकदा नाही, सारखा. वाकून बघितलं तर गल्लीत टेम्पो उभा होता, आणि टेम्पोत कालचे सगळे मेंढे. पुढच्या सीटवरून अफताबभाई उतरले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, चेहरा लालबुंद.

"नानासो कुठंयत?" त्यांचा आवाज छतापर्यंत आला. "बोलवा त्यांना! समद्या फलटणमध्ये माझं नाव चोर म्हणून फिरतंय!"

५

अफताबभाईंना शांत करायला ताक आणावं लागलं. ते पिऊनही ते बसेनात.

"माझ्या बापाने ह्याच बाजारात मेंढरं घेतली," ते म्हणाले. "रुमालाखालचा आकडा मी कधी बायकोला सांगितला न्हाई, आन् मी दुसऱ्याचा बघू? किल्ली तुमची, मशीन तुमची, आन् चोर मी व्हय?"

"चोर म्हणायला मी नाही आले, भाई," शाझिया म्हणाली. "कालच्या लिलावात तुम्ही काय काय केलं, तेवढं सांगा. जसं घडलं तसं."

"काय करायचं? बोली टाकली आन् बसलो."

"फोन खिशात ठेवून?"

"खिशात कशाला? हातात. सौदा चालू हाय तवर हात कसा काढीन?"

मी सोनमकडे बघितलं. आम्ही शिकवणी घेतली होती त्यात हेच पहिलं सांगितलं होतं, की एकदा बोली टाकली की काम झालं, फोन ठेवून द्या. "तुम्ही शिकवणीला होता ना, भाई?" मी विचारलं.

"कवा? मी त्या दिवशी मिरजेला भाच्याच्या लग्नात व्हतो. पर त्यात शिकायचं काय? रुमाल म्हणलं की मला कळलं. मी 'माझी बोली' उघडून बसलो. घडीघडी बोट ओढून बघायचं. मशीननं दाबलं की उत्तर द्यायचं."

शाझिया जागच्या जागी थांबली.

"मशीनने दाबलं म्हणजे?"

"म्हंजी आकडा बदलायचा की! मी टाकली चार बोटं. जरा वेळानं बघतो तर दावतंय सहा. म्हणलं, दलाल दाबतोय, वर सर म्हणतोय. मेंढा चांगला व्हता, मी सात केलं. परत नऊ दावलं, मी दहा केलं. नंतर दाबायचं थांबलं, म्हणलं आता सौदा ठरला." ते आमच्या तोंडांकडे बघायला लागले. "एक-दोन वेळा माझ्याहून कमी बी दावलं. म्हणलं, मशीन नवी हाय, चुकत आसंल. दलाल कवा खाली दाबतो व्हय?"

मतीनने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं.

शाझियाने टाळी वाजवली. "मल्हार, आता तुझी वेळ आली! हॉल भरव. तात्यांना बोलाव, शिवतेजला बोलाव. आणि मला दोन फोन पाहिजेत!"

६

बाराला थोडाच वेळ होता. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर मेंढरं ओरडत होती, आत माणसं. तात्या पुढच्या खुर्चीत, खांद्यावर टॉवेल, किल्ली सदऱ्याच्या खिशात. दोऱ्याचं टोक बाहेर लोंबत होतं. सोनम दाराशी उभी होती, आत आलीच नाही.

"आधी सोनमचं," शाझिया म्हणाली. "काल एकच बोली अशी होती की ती फक्त सोनमला ठाऊक होती. अल्लाबक्ष चाचांची. तिने ती स्वतःच्या कानाने ऐकली आणि स्वतःच्या हाताने टाकली. सोनम आकडे फोडत असती, तर हा आकडा पहिला फुटला असता. पण अफताबभाईंना नेमका तोच माहीत नव्हता! बाकी प्रत्येकाच्या वर एक बोट, आणि चाचांच्या तीन बोटं खाली. मग विचार करा. किल्लीने खोली उघडली असती तर चाचांचीही बोली दिसली असती. म्हणजे किल्ली वापरलीच गेली नाही."

हॉलमधून हुंकार आला. तात्या हलले नाहीत.

"चाचांच्या बोलीत वेगळं काय होतं? ती दारातून आली नाही. जे दारातून गेलं तेवढंच फुटलं. आता हे बघा."

तिने एक फोन मला दिला, एक तात्यांना. माझ्या फोनवर एका व्यापाऱ्याचं नाव होतं, तात्यांच्या फोनवर दुसऱ्याचं. "मल्हार, कुणाला न दाखवता बोली टाक. तात्या, तुम्ही काही टाकायचं नाही. फक्त 'माझी बोली' उघडा."

मी पाठ फिरवून आठ बोटं टाकली. फोनने पक्की दाब दिली: तुमची बोली, आठ बोटं.

तात्यांनी जाड अंगठ्याने पडदा ओढला. बघितलं. चष्मा लावला. परत बघितलं.

"आठ," ते म्हणाले. "माझी बोली म्हणतंय, आन् आठ दावतंय. मी तर काय टाकलंच न्हाई!"

असा कल्ला झाला की बाहेरची मेंढरं गप्प झाली. मी स्वतः बाकावर चढून ओरडत होतो, काय ते मला आता आठवत नाही.

"मतीन, सांग," शाझिया म्हणाली.

मतीन उभा राहिला. त्याने लपवाछपवी केली नाही. "शुक्रवारी मी दाराला सांगितलं, एकदा आणलेलं उत्तर थोडा वेळ हाताशी ठेव. तोच प्रश्न परत कुणी विचारला तर खोलीपर्यंत जाऊ नको, हातातलंच दे. बाजारभावासाठी हे बरोबर आहे, भाव सगळ्यांना एकच. पण घाईत मी ते सगळ्याच प्रश्नांना लावलं."

"दवाखान्यात कंपाउंडरने पहिल्या पेशंटची पुडी मागच्या चौघांना वाटावी, तसं झालं," शाझिया म्हणाली. "प्रश्न सगळ्यांचा एकच, 'माझी बोली काय?' पण उत्तर प्रत्येकाचं वेगळं. दाराने माणूस ओळखला, त्याला आतही घेतलं, आणि आधीच्या माणसाचं उत्तर त्याच्या हातावर ठेवलं. आणि तुमची पक्की दाब! बोली पडली रे पडली की फोन आपणहून तोच प्रश्न विचारतो. म्हणजे प्रत्येक नवी बोली ताजी ताजी दाराच्या हातात."

"मग मला दुसरंच दिसलं ते?" मागून एकजण ओरडला.

"तुम्हाला अफताबभाईंची बोली दिसली! ते सारखे विचारत होते, दाराच्या हातात त्यांचंही उत्तर असायचं. मल्हार म्हणाला तुमची बोटं जाड आहेत." सगळे माझ्याकडे वळले. मी बाकावरून उतरलो.

"आता राहिले अफताबभाई," ती म्हणाली. "बाकीच्यांनी बोली टाकून फोन ठेवून दिला, कारण त्यांना तसं शिकवलं होतं. भाईंना कुणीच शिकवलं नव्हतं. त्यांनी फोनला रुमाल मानलं. आकडा बदलला तेव्हा त्यांना वाटलं, दलाल दाबतोय. आणि दलालाने दाबल्यावर चांगला व्यापारी काय करतो, शिवतेज?"

शिवतेज कोपऱ्यात उभा होता. त्याने खाली बघत एक बोट वर केलं.

"त्यांनी चोरी केली नाही. ते रीतीने वागले. तात्या, तुमच्या लिलावात चोर नाहीच!"

हॉल अफताबभाईंकडे बघत होता. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. ते हळूहळू पुढे आले आणि टोपी सारखी करत म्हणाले, "न कळत का हुईना, माझा हात दुसऱ्याच्या रुमालाखाली गेला. मेंढरं मी आणल्यात. टेम्पोतनं उतरवा आन् आज परत बोलीला लावा. पायजे तर मीच परत घेईन. पर माझ्या आकड्यानं."

पहिली टाळी शिवतेजने वाजवली. मला वाटतं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं असेल.

७

मतीनने तिथेच सगळ्यांसमोर दुरुस्ती केली. भाव हाताशी ठेवायचा. माणसागणिक बदलणारी कुठलीही गोष्ट दर वेळी खोलीतूनच आणायची. शाझिया मागे उभी राहून प्रत्येक ओळ वाचत होती. मग मी परत बोली टाकली आणि तात्यांनी परत पडदा ओढला.

"तुम्ही अजून बोली टाकलेली न्हाई," तात्यांनी मोठ्याने वाचलं. आयुष्यात मला कुठल्या वाक्याचा इतका आनंद झाला नव्हता.

बाराला अगदी थोडा वेळ उरला होता. पण वेळ संपल्यावर बंद बोली उघडायला किल्ली लागणार होती, आणि ती तात्यांच्या खिशात होती. तात्या उठले. ते सरळ दाराशी, सोनमपुढे जाऊन उभे राहिले.

माफी मागणं तात्यांना येत नाही. मी त्यांना ओळखतो. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि उजवा हात पुढे करून त्यावर टाकला.

म्हसवडच्या बाजारात बाईमाणसाने रुमालाखाली हात घातल्याचं कुणी बघितलेलं नाही. सोनमने लहानपणी एकदा हट्ट केला होता, तेव्हा तात्यांनीच तिला हाकललं होतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने हात टॉवेलखाली घातला.

टॉवेल हलला. तात्यांनी काय दाबलं ते मला माहीत नाही, मी आजवर विचारलेलंही नाही. सोनमचे डोळे भरून आले, एवढं मात्र मी बघितलं. जरा वेळाने टॉवेल परत एकदा हलला, या वेळी घट्ट. ती पक्की दाब होती, तेवढं तर माझ्यासारख्यालाही कळलं.

तिने हात बाहेर काढला तेव्हा मुठीतून काळा दोरा लोंबत होता.

"सरका की बाजूला," डोळे पुसत ती आम्हाला म्हणाली, "बारा वाजल्यात." आणि लॅपटॉपपाशी जाऊन बसली.